रेखांश चुकला आणि नदी उत्तरेला गेली

वर्गातला उत्तर अमेरिकेचा नकाशा काढा आणि कॅनडाच्या वायव्य भागात ग्रेट स्लेव्ह सरोवर शोधा. त्याच्या पश्चिम टोकातून एक मोठी नदी निघते, साधारण ६१ अंश उत्तर अक्षांशावर. आता तोच अक्षांश धरून बोट डावीकडे सरकवत न्या. ते अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावरील ‘कुक इनलेट’ या खाडीशी पोचेल. हा योगायोग अठराव्या शतकात एका मोठ्या चुकीला कारण ठरला.

१७७८ साली कॅप्टन कुकची जहाजे या खाडीत शिरली. पाणी गढूळ, काहीसे गोडे आणि त्यात वाहून आलेली झाडे. ही नदीच असावी असा समज झाला. तिकडे अथाबास्का प्रदेशात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या पीटर पाँडने स्थानिक लोकांकडून सरोवरातून निघणाऱ्या नदीविषयी ऐकले होते. त्याने दोन्ही टोके जोडली! अक्षांश जुळतच होते. पण पाँडने आपला प्रदेश होता त्यापेक्षा बराच पश्चिमेला धरला होता, त्यामुळे पॅसिफिक महासागर अगदी हाकेच्या अंतरावर आला.

खरे अंतर मुलांकडूनच काढून घ्या. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत सुमारे ३३ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, पण ६१ अक्षांशावर तो जेमतेम ५४ किलोमीटर भरतो. तरीही गुणाकार पावणेअठराशे किलोमीटरच्या आसपास जातो. आणि मध्ये पर्वतरांगा!

पाँडच्या कल्पनेवर विसंबून ३ जून १७८९ रोजी अलेक्झांडर मॅकेंझी भूर्जसालीच्या होड्या घेऊन फोर्ट चिपेवायनहून निघाला. सोबत कॅनडाचे नावाडी आणि ‘इंग्लिश चीफ’ या नावाने ओळखला जाणारा स्थानिक वाटाड्या. जून महिना असूनही सरोवर गोठलेले होते. बर्फ फुटण्याची वाट पाहत, फटींमधून होड्या काढत, नदीच्या मुखाशी पोचायला २९ जून उजाडला.

नदी आधी पश्चिमेकडे वाहत होती, म्हणजे हवे तसेच. मग समोर डोंगर दिसू लागले आणि नदी वळली ती वायव्येला, उत्तरेला. काठावरच्या डेने लोकांनी सांगितले की समुद्र गाठायला कित्येक हिवाळे जातील, परत येईपर्यंत तुम्ही म्हातारे व्हाल. (प्रत्यक्षात मुखापर्यंत जायला दोन आठवडे पुरले. स्थानिक माहिती नेहमीच बरोबर असते असे नाही. मात्र पर्वतांपलीकडे पश्चिमेला दुसरी मोठी नदी आहे, हे त्यांचे सांगणे खरे होते.)

मॅकेंझीला अक्षांश काढता येत होता. सूर्याची मध्यान्हीची उंची मोजली की झाले. म्हणूनच १० जुलैला त्याने ओळखले की हे पाणी उत्तर समुद्राला मिळणार. पुढे एका रात्री तो सूर्य पाहत जागा राहिला. साडेबाराला त्याने एका नावाड्याला उठवले, तर सूर्य इतका वर पाहून त्या बिचाऱ्याला निघायची वेळ झाली असे वाटले आणि तो इतरांना हाका मारू लागला! जुलैच्या मध्यास सुमारे ६९ अंशांवरील एका बेटावर भरतीचे पाणी सामानापर्यंत चढले, पांढरे देवमासे दिसले. समुद्र आला होता, पण आर्क्टिक. १२ सप्टेंबरला, १०२ दिवसांनी, मंडळी परतली.

रेखांशासाठी मात्र सूर्य पुरत नाही. ठाऊक असलेल्या एखाद्या ठिकाणी त्या क्षणी किती वाजले आहेत हे कळावे लागते. १५ अंशांना एक तास. त्यासाठीची साधने आणि विद्या दोन्ही आपल्याजवळ नव्हती, असे मॅकेंझीने पुढे स्वतःच लिहिले. १७९० साली त्याला भेटलेल्या फिलिप टर्नर या सर्वेक्षकालाही तीच शंका आली होती. टर्नरनेच नंतर अथाबास्काची मोजणी करून तो प्रदेश किती पूर्वेला आहे ते दाखवले, आणि १७९४ मध्ये व्हँकूव्हरने ‘कुकची नदी’ ही खाडी असल्याचे सिद्ध केले.

डेने लोक ज्या नदीला ‘देह चो’, म्हणजे मोठी नदी, म्हणत आले, तिला पुढे मॅकेंझीचे नाव मिळाले. तो स्वतः १७९१ च्या हिवाळ्यात लंडनला जाऊन खगोलशास्त्र शिकला. जुलै १७९३ मध्ये दुसऱ्या वाटेने तो पॅसिफिकच्या काठी पोचला, तेव्हा त्याच्याजवळ दुर्बीण होती. गुरूच्या चंद्रांचे निरीक्षण करून त्याने त्या जागेचा रेखांश काढला.