मेलेल्यांची रात्रपाळी

साखरेचा एक घाणा आहे. डोक्यावर उसाच्या टोपल्या घेतलेली माणसे वरच्या फळीवरून एकामागून एक येतात, टोपली खाली ओततात आणि पुढे जातात. खाली दुसरी माणसे दांड्याला छाती लावून चाक फिरवीत आहेत. कोणी बोलत नाही. वरच्यांपैकी एकाचा तोल जातो व तो आत कोसळतो. ओरडत नाही. मागचा माणूस आपली टोपली ओततो. चाक करकरत फिरत राहते.

‘व्हाइट झोंबी’ या १९३२ सालच्या अमेरिकन बोलपटातील हे दृश्य होय. भयपट म्हटला की सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. आम्हीही पूर्वी मुरडीत होतो. परंतु आमची हयात कामगार संघटनेत गेली, आणि अपघातानंतर पट्टा किती वेळाने थांबला यावर चौकशीत चाललेली घासाघीस आम्ही स्वतः ऐकलेली आहे. हे दृश्य पाहिले त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. हे भूत आले कोठून, याचा शोध आम्ही तेव्हापासून घेऊ लागलो.

ते आले कॅरिबियन समुद्रातील हैती देशातून. तेथे फ्रेंचांची सत्ता होती तेव्हा, १७८९ च्या सुमारास, सुमारे ५ लाख आफ्रिकी गुलाम उसाच्या व कॉफीच्या मळ्यांत राबत होते. मेल्यावर आपला आत्मा समुद्रापलीकडे गिनीला, म्हणजे मायदेशी परत जातो, अशी त्यांची श्रद्धा होती. मरण हीच काय ती सुटका. १७९१ साली हे गुलाम उठले आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांनी देश स्वतंत्र केला. पण मनातले भय उरलेच. मेल्यावरही कोणी मांत्रिकाने थडग्यातून उठवून पुन्हा फडात जुंपले तर? यालाच तिकडे झोंबी म्हणतात. आपल्याकडे भूत माणसाला झपाटते. तिकडे माणूस भुताला राबवितो. (मराठीत झोंबी म्हणजे झटापट. या बिचाऱ्याला नेमकी तीच करता येत नाही!)

१९१५ साली अमेरिकेने हैती ताब्यात घेतला, तो १९३४ पर्यंत सोडला नाही. रस्ते बांधण्यासाठी शेतकऱ्यांना वेठीस धरले गेले. त्याविरुद्ध उठलेल्या बंडाचा नेता शार्लमान्य पेराल्त १९१९ साली मारला गेला. याच अमदानीत विल्यम सीब्रुक हा अमेरिकन लेखक तेथे फिरला व १९२९ साली त्याने ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्याने ऐकलेली एक गोष्ट आहे. एक मुकादम अमेरिकन साखर कंपनीच्या फडात मेलेल्या माणसांची टोळी आणतो आणि त्यांची मजुरी आपल्या खिशात घालतो. त्यांना अन्न द्यायचे ते अळणी, कारण मिठाची चव लागली की मेलेला शुद्धीवर येतो. एके दिवशी मुकादमाच्या बायकोला त्यांची दया येते. ती त्यांना जत्रेत मिठाई घेऊन देते. मिठाईतले दाणे खारवलेले असतात. टोळी ताडकन उठते आणि आपल्या गावच्या स्मशानाची वाट धरते. आपण खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतो ते धन्यासाठी. तिकडचे मीठ नोकराला स्वतःसाठी जागे करते!

या पुस्तकाच्या गाजावाजातूनच ‘व्हाइट झोंबी’ निघाला. व्हिक्टर हॅल्परिन याचे दिग्दर्शन. बेला लुगोसी हा गिरणीचा धनी. आपले मजूर इमानी आहेत, कामाच्या तासांची तक्रार करीत नाहीत, असे तो पाहुण्याला सांगतो तेव्हा आम्ही खुर्चीत सावरून बसलो. दुर्दैव इतकेच की, चित्रपटाचे सारे अश्रू एका गोऱ्या नवरीसाठी खर्च होतात. घाण्यातल्या माणसाची विचारपूस कोणीही करीत नाही.

जाक टूर्नर यांचा १९४३ चा ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ नावावरून बाजारी वाटतो, पण तसा मुळीच नाही. एका काल्पनिक बेटावर साखरेच्या मळ्याच्या मालकाकडे एक परिचारिका येते. अंगणात जुन्या गुलामवाहू जहाजाच्या नाळेवरचा पुतळा उभा आहे. येथील लोक मूल जन्मले की रडतात व प्रेत पुरताना आनंद करतात, असे मालकच तिला सांगतो. या वाक्यापुढे चित्रपटातली भुते फिकी पडतात.

१९६६ चा ब्रिटिश ‘द प्लेग ऑफ द झोंबीज’ त्या मानाने भडक. परंतु त्यातला युक्तिवाद आम्हांस सर्वांत ओळखीचा वाटला. कॉर्नवॉलमधील कथिलाची खाण धोक्याची म्हणून जिवंत माणसे तिच्यात उतरेनाशी होतात. मग हैतीला जाऊन आलेला जमीनदार गावकऱ्यांना मारून, उठवून, खाली धाडतो.

दोनच वर्षांनी, १९६८ साली, जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आला आणि मेलेल्यांनी काम सोडून माणसे खाण्यास आरंभ केला. तो चित्रपट थोर आहे, यात वाद नाही. पण त्यानंतर जगभर जी लाट आली, तिच्यात मुकादम बहुधा दिसेनासा झाला. तो पुन्हा पाहावयाचा असेल तर बेरत्रां बोनेलो यांचा २०१९ चा ‘झोंबी चाइल्ड’ पाहावा. १९६२ साली मृत म्हणून नोंदला गेलेला आणि १९८० साली गावात परत आलेला क्लेर्व्हियस नार्सिस हा हैतीचा माणूस त्याच्या मुळाशी आहे. शास्त्रज्ञांनी त्याच्या कथेवर पुष्कळ वाद घातला. आपल्याला थडग्यातून काढून उसाच्या मळ्यात राबविले, असे तो स्वतः सांगत असे.