सदिशीकरण, स्वयंचलित
एकेका संख्येवर क्रमाक्रमाने क्रिया करण्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीतून, एका आज्ञेने अनेक संख्यांवर क्रिया करणाऱ्या सदिश आज्ञा कंपायलरने स्वतः तयार करणे. कंपायलर म्हणजे फोर्ट्रानसारख्या भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली होय.

१९७६ मध्ये आलेल्या क्रे–१ या महासंगणकात ८ सदिश रजिस्टरे असून प्रत्येकात ६४ संख्या मावत. तथापि वैज्ञानिकांच्या जुन्या आज्ञावल्या एकेका पदाचाच विचार करून लिहिलेल्या होत्या. त्या सर्व नव्याने लिहिणे अतिशय खर्चाचे असल्यामुळे हे काम कंपायलरवर सोपविणे भाग पडले.

यातील खरी अडचण अचूकतेची आहे. लूपमध्ये, म्हणजे पुनःपुन्हा पार पाडावयाच्या आज्ञासमूहात, प्रत्येक पद मागील पदात १ मिळवून काढावयाचे आहे व आरंभी सर्व पदे ० आहेत, असे समजू. दुसऱ्या पदापासून क्रमाने १, २, ३, ४ अशी उत्तरे येतात. चारही बेरजा एकदम केल्यास मात्र १, १, १, १ अशी चुकीची उत्तरे येतील. पदांचे असे परस्परावलंबन नाही हे सिद्ध करता येत नसेल, तर कंपायलरने लूपला हात न लावणेच योग्य. या परीक्षणाची गणिती बैठक लेस्ली लॅम्पोर्ट (१९७४), इलिनॉय विद्यापीठातील डेव्हिड कुक व त्यांचे सहकारी, तसेच राइस विद्यापीठातील रँडी ॲलन व केन केनेडी (१९८७) यांच्या कार्यातून तयार झाली.

उत्पादकांचे दावे पारखण्यासाठी डेव्हिड कॅलाहन, जॅक डोंगारा व डेव्हिड लेव्हिन यांनी १९८८ मध्ये १०० लहान लूपांचा कसोटीसंच तयार करून १९ कंपायलर तपासले. सशर्त आज्ञा, दुसऱ्या संख्यामालेतून घेतलेले क्रमांक, बेरजेचा संचय अशी एखादीच अडचण प्रत्येक लूपमध्ये मुद्दाम ठेवलेली होती. त्यांपैकी बेरीज वाटते तितकी निरुपद्रवी नाही : दशांश अपूर्णांकांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात. म्हणूनच जीसीसी हा कंपायलर स्पष्ट परवानगीवाचून तिचा क्रम बदलत नाही.

एमएमएक्स (१९९७) व एसएसई (१९९९) या आज्ञासंचांमुळे सदिश क्रिया सामान्य संगणकांत आल्या. जीसीसीमध्ये सदिशीकरण २००५ च्या ४.० या आवृत्तीपासून आले. येथे आकृतिबंध ओळखण्यास महत्त्व आले. उदा., चलच्चित्रांच्या संक्षेपणात लागणारी निरपेक्ष फरकांची बेरीज लूपमध्ये वजाबाकी, चिन्हबदल व बेरीज अशी विखुरलेली असते. ती ओळखल्यास एसएसईमधील एकाच आज्ञेने आठ बाइटजोड्यांचे काम होते.

२०११ मध्ये इलिनॉय येथील संशोधकांनी जुन्या कसोटीसंचाचे सी भाषेत रूपांतर करून व तो १५१ लूपांपर्यंत वाढवून जीसीसी, इंटेल व आयबीएम यांचे कंपायलर तपासले. त्यांना ४५ ते ७१ टक्के लूपांचेच सदिशीकरण साधले. प्रत्यक्ष वापरातील आज्ञावल्यांत तर थोड्याच लूपांचे.