एका पेटीतला आवाज: खानदेशातल्या घरगुती संगीतयंत्रांविषयी

मंडळी, मागच्या वेळी आपण ग्रामोफोनपाशी थांबलो होतो. आज त्याच्या पुढची पेटी उघडू. आधी रेडिओग्राम, मग टू-इन-वन, मग थ्री-इन-वन, आणि शेवटी जिला सगळे नुसतं ‘म्युझिक सिस्टिम’ म्हणायला लागले ती. सगळं एकाच खोक्यात. जळगाव-धुळ्याकडे लग्नाच्या आंदणात सायकल, घड्याळ आणि टू-इन-वन अशी एक पिढी होऊन गेली, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने स्पीकरवर का बोलावं? तर वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण म्हटलं, आणि तो पसरतो कसा याचे दोन दृष्टांत परंपरेत आले. एक वीचितरंगाचा: पाण्यात लाटेमागून लाट. दुसरा कदंबाचा: कळी फुटली की केसर एकदम सगळ्या बाजूंनी. विद्यार्थ्यांना आम्ही सांगत असू, दोन्ही खरे धरा. ढोलकीचा धुम् कदंबासारखा खोलीभर पसरतो, तो कुठून आला हे पटकन कळत नाही. झांजेचा झणकार मात्र बाणासारखा समोर जातो. म्हणून पेटीसमोर बसलेल्याला एक गाणं ऐकू येतं आणि स्वयंपाकघरातल्या बाईला दुसरं.

आता मूळ अडचण बघा. स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जाच्या लाटा लांब. त्या वळून एकमेकींना भेटतात आणि खोडून टाकतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवा, आवाज चिरका येतो तो यामुळे. राइस आणि केलॉग यांनी 1925 साली आजच्या धर्तीचा स्पीकर मांडला, तेव्हापासून मागच्या लाटेचं काय करायचं हा प्रश्न आहे. बेल प्रयोगशाळेतल्या थुरस यांनी 1930 च्या सुमारास पेटीला हिशेबाने भोक ठेवलं, म्हणजे मागची लाट उलटून पुढच्या लाटेला मदतीला येते. 1954 मध्ये एडगर व्हिल्चर यांनी उलटं केलं. पेटी पूर्ण बंद, आतली हवाच स्प्रिंग.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे माठ! कुंभाराकडून माठ आणायचा, तोंडावर स्पीकर बसवायचा, तार टेपला जोडायची. हसू नका. माठ ही बंद पेटीच आहे, आणि तिची गोल भिंत प्लॅस्टिकच्या खोक्यासारखी थरथरत नाही. शिवाय आत कापूस भरायची युक्ती. कापसामुळे आतल्या हवेची उसळी मंदावते आणि लहान माठ मोठ्यासारखा वागतो. कापसाला खानदेशात काय तोटा? खोट एवढीच, की माठ एकाच खर्जाच्या सुरावर घुमतो. डफाला शोभतं, तंबोऱ्याला नाही.

एका पेटीत सगळं कोंबण्याची किंमत असते. रेडिओग्राममध्ये स्पीकरचा थरथराट लाकडातून तबकडीच्या सुईपर्यंत जाई, म्हणून तबकडीखाली रबर. ट्रान्सफॉर्मर टेपच्या हेडजवळ आला की गुणगुण. दोन स्पीकर हातभर अंतरावर, मग स्टिरिओ कशाचा? नव्वदीत तर खोक्यावर हजार वॅट पीएमपीओ छापायचे आणि मागच्या पट्टीवर वीज लागते वीस वॅट! ही सरळ लबाडी होती, असं आमचं मत आहे.

खानदेशाच्या हवेनेही आपला वाटा उचलला. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो. तबकड्या वाकायच्या. सेल उतरले की मोटर मंदावायची आणि गाणारी बाई पुरुषी आवाजात गायची. मग सेल उन्हात ठेवायचे. घरांचंही तसंच. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती, गोधड्या, धान्याच्या कणग्या आवाज पिऊन टाकत. पुढे स्लॅब आला, फरशी आली, आणि तोच टेप त्याच गावात खणखणायला लागला. लोक म्हणाले टेप बिघडला. बिघडलं काही नव्हतं, खोली बदलली होती.

पण आमच्या दृष्टीने या पेटीची थोरवी वाजवण्यात नाही, ध्वनिमुद्रणात आहे. फिलिप्सने 1963 साली कॅसेट आणली. चार मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेग. संगीतासाठी ती फार बारीक वाट होती. पण टू-इन-वनला माइक होता, आणि लाल बटण कुणालाही दाबता येत होतं. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्रभर म्हटली जाणारी अहिराणी गाणी, जात्यावरच्या ओव्या, आजीने सांगितलेल्या कहाण्या लोकांनी अशा कॅसेटवर घेतल्या. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखावर गेल्या. खानदेशातलं बरंचसं मात्र घरच्या कपाटात आहे.

या कॅसेट ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. टू-इन-वन आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो. आजी थांबली की यंत्राला वाटतं आवाज कमी पडला, म्हणून ते वाढवतं. मग पंखा, भांडी, गोठ्यातली गाय वर येते. आजी बोलली की सगळं परत खाली. हा दोष संगणकावर ‘साफ’ करायची घाई करू नका. त्या खुसखुशीत घरही मुद्रित झालेलं आहे, आणि साफ करताना अहिराणीचे श, स, च आधी जातात.

ज्यांच्याकडे अशा कॅसेट असतील त्यांनी एवढं करावं. आधी हेड स्पिरिटने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळून घ्या. आवाज मंद, घोंगड्यातून आल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून तो उजळतो का पाहा. जुन्या मेकॅनिकला हे काम ठाऊक असतं. न दाबलेल्या फाइलमध्ये उतरवा. गावाचं नाव, साल आणि म्हणणारीचं नाव सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोला. मूळ कॅसेट फेकू नका, आणि ती टीव्हीच्या स्पीकरवर ठेवू नका, तिथे चुंबक असतो.