बसायची आगगाडी

खेळण्यातल्या आगगाड्या दोन प्रकारच्या असतात. एक, जिच्यावर आपण बसलो तर गाडी मोडते. आणि दुसरी, जिच्यावर आपण बसलो तर गाडी चालते. पहिलीचा इतिहास प्रत्येक घरातल्या माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. दुसरीचा मात्र मुद्दाम शोधावा लागतो, आणि तो मी गेली दोन वर्षं शोधतो आहे.

आमच्या गंगाखेडला खऱ्या रेल्वेची वाण नाही. परभणीहून परळीला निघालेली गाडी गोदावरी ओलांडून जनाबाईंच्या गावाला येते, आणि तिकीट काढलं तर कुणालाही बसू देते. असं असताना अंगणात स्वतःच्या हातानं रूळ टाकायचे, स्वतः डबे वेल्ड करायचे आणि पाय दुमडून त्यावर बसून हिंडायचं, हा छंद जगात दीडशे वर्षं चालू आहे, हे मी घरी सांगितलं. सौ.नं एकच प्रश्न विचारला, "ही गाडी जाते कुठं?"

"जिथून निघते तिथंच परत येते."

"मग माणूस बसतो कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर शोधत मी थेट इंग्लंडात, डर्बीशायरमध्ये पोचलो. म्हणजे पुस्तकातून. तिथं सर आर्थर हेवुड नावाच्या सरदारानं 1874 साली आपल्या डफील्ड बँक या राहत्या जागी रेल्वे टाकायला घेतली. रुळांमधलं अंतर 15 इंच, म्हणजे दोन वितींनाही थोडं कमीच. मोठ्या माणसाला खेळायचं असलं की आधी कारण तयार ठेवावं लागतं. हेवुडसाहेबांचं कारण भक्कम होतं : अशी चिमुकली रेल्वे मोठ्या जमीनदारांना आणि लष्कराला फार उपयोगी पडेल! त्यांनी घरच्या कारखान्यात इंजिनं बांधली, डबे बांधले. पुढे त्या जेमतेम मैलभराच्या रेल्वेला जेवणाचा डबा जोडला आणि झोपायचाही जोडला. मैलभराच्या प्रवासात जेवण उरकून झोपायचं म्हणजे माणूस किती चपळ हवा! लष्करानं काही ती रेल्वे घेतली नाही. एका ड्यूकानं तेवढी 1896 च्या सुमारास आपल्या इस्टेटीवर टाकून घेतली. पण तोपर्यंत हेवुडसाहेबांचं वीस वर्षं खेळून झालं होतं, आणि कारणाचं काम तेवढंच असतं.

आपल्या मराठी राजांना कारणांची गरज पडली नाही. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरायची. सात डब्यांवर शिंदे हे नाव इंग्रजीत एकेका अक्षरानं कोरलेलं, आणि डब्यांत मद्य नि चिरूट. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. आमच्याकडे पंगतीत आमटी वाढणारा नेमका याच्या उलट वागतो. पण याच महाराजांच्या हौसेतून दोन फुटी रुळांची जी खासगी रेल्वे निघाली, ती वाढत वाढत दोनशे किलोमीटरवरच्या श्योपूरपर्यंत गेली आणि 2020 पर्यंत माणसांनी टपापर्यंत भरून धावत होती. हौस कुठवर जाईल, हे रूळ टाकताना कळत नाही.

बडोद्याची गोष्ट आणखी घरगुती. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात गायकवाडांच्या मुलांसाठी शाळा होती, आणि राजवाड्यातून त्या शाळेत न्यायला एक छोटी रेल्वे. रूळ दहा इंची. आमच्या वेळी शाळेत जायला आगगाडी असती तर आम्हीही वेळेवर गेलो असतो. पण वर्गात बसलो असतो की गाडीतच, हे सांगणं कठीण. 1956 साली ही गाडी राजवाड्यातून निघाली आणि सयाजीबागेत शहराच्या मुलांसाठी धावू लागली. त्याच वर्षी पुण्याच्या पेशवे पार्कात 'फुलराणी' सुरू झाली. राजपुत्रांचा डबा सार्वजनिक झाला, तिकीट लावून का होईना.

मात्र राजाकडे पैसा असतो आणि नगरपालिकेकडे ठराव असतो. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्या साध्या माणसानं काय करायचं? त्याची सोय विलायतेतल्या 'मॉडेल इंजिनिअर' या मासिकानं केली. ते 1898 साली निघालं. 1920 च्या दशकात त्यात एल.बी.एस.सी. या टोपणनावाचा एक लेखक लिहू लागला. तोवर छोटी इंजिनं बहुधा स्पिरिटच्या दिव्यावर चालत आणि स्वतःलाच कशीबशी ओढत. या पठ्ठ्यानं अडीच इंची रुळांवरच्या आपल्या 'आयेशा' नावाच्या इंजिनात खरा कोळसा पेटवला, आणि त्याच्यामागे धडधाकट माणूस ओढून दाखवला. पुढे चाळीसएक वर्षं तो लोकांना घरच्या खोपटात इंजिन कसं बांधावं हे पायरीपायरीनं शिकवत राहिला. आपल्याकडे पाककृती छापतात, तसं.

यात कौतुक काय, असं वाटत असेल तर थोडं गणित करू. एखादं 80 टनांचं इंजिन लांबी-रुंदी-उंचीनं आठ पट लहान केलं, तर वजन आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे 512 पट कमी होतं. उरलं दीडशे किलो. पण त्यामागे बसणारा माणूस काही लहान होत नाही. तो सत्तर किलोंचा तो सत्तरच राहतो. हेच प्रमाण खऱ्या रेल्वेला लावलं तर एकेक प्रवासी पस्तीस टनांचा होईल. (लग्नसराईत एस.टी.त आपल्या शेजारी येऊन बसतात ते सोडून द्या.) गाडीचं मॉडेल होतं, माणसाचं होत नाही, या छंदाची सगळी गंमत आणि सगळी जोखीम इथं आहे.

जोखीम म्हणजे वाफ. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब असतो. या छोट्या इंजिनात सहा-सात किलो असतो. आपल्याकडचा कायदा 25 लिटरपेक्षा लहान बॉयलरला बॉयलर मानत नाही. वाफेनं मात्र तो कायदा वाचलेला नसतो. म्हणून जाणते हौशी नव्या बॉयलरमध्ये आधी थंड पाणी भरून दुप्पट दाब देतात. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा गेलाच तर पाणी गळतं. वाफेसारखा स्फोट होत नाही.

हे ज्याला फार जवळून कळलं, तो माणूस म्हणजे वॉल्ट डिस्ने. त्यानं 1950 साली लॉस एंजेलिसमध्ये घराभोवती सव्वासात इंची रुळांची अर्धा मैल रेल्वे टाकली. रूळ बायकोच्या फुलांच्या वाफ्यावरून जात होते, म्हणून त्यानं वाफ्याखालून बोगदा काढला, इंजिनाला 'लिली बेल' असं तिचंच नाव दिलं आणि रस्त्याच्या हक्काचा थट्टेचा करारनामा करून त्यावर घरच्यांच्या सह्या घेतल्या. (सौ.ला हे सांगितलं. ती म्हणाली, "निदान विचारलं तरी.") आलेल्या पाहुण्यांना तो हौसेनं फिरवी. 1953 साली एका पाहुण्यानं गाडी वेगात हाकली, ती रुळावरून घसरली आणि पाच वर्षांच्या एका मुलीला वाफेनं भाजलं. डिस्नेनं रेल्वे बंद केली. मोठ्या माणसानं आवडतं खेळणं आपणहून उचलून ठेवल्याची अशी उदाहरणं इतिहासात फार नाहीत. पुढे 1955 साली त्याचं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा त्याभोवती पुन्हा रेल्वे होतीच. पण ती मोठी, आणि चालवायला नेमलेली माणसं.

हा सगळा इतिहास मी आमच्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींना सांगितला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट आणि कूलरचे स्टँड करण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नाही. ते म्हणाले, "सर, वाफेचं राहू द्या. ढकलायची करू." मग लोखंडी पट्ट्यांचे रूळ आणि अँगलचे स्लीपर असा वीस फुटांचा तुकडा त्यांनी करायला घेतला. एका बाजूनं सलग वेल्डिंग केलं की लोखंड तापून ओढ घेतं आणि रूळ धनुष्यासारखे वाकतात. म्हणून आधी नुसते टाके मारायचे, मग इकडचा एक, तिकडचा एक असं जोडत जायचं, आणि दर हातावर गुण्या लावून बघायचा.

"हे शंभर मीटर केलं तर?" मी विचारलं.

"तर वैशाखात पळून जाईल," मिस्त्री म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. हिवाळ्यातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत आमच्याकडे रुळाच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात शंभर मीटर लोखंड सहा सेंटिमीटर वाढतं. जागा ठेवली नाही तर रूळ फुगून बाहेर येतात. मिस्त्रींनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांनी उन्हाळ्यात न लागणारी गेटं पाहिली होती.

गाडी झाली तेव्हा गल्लीतली पोरं दुकानासमोर गोळा झाली. एक तर बसायच्या बेतातच होता. मिस्त्रींनी त्याला बखोटीला धरून बाजूला केलं.

"थांबा रे. घाई करायलेत नुसती. आधी मी बसतो. माझं वजन ब्याण्णव हाय."

ते बसले. हेल्परनं ढकललं. गाडी वीस फूट गेली आणि एका ठिकाणी रूळ जरासा कुरकुरला. पोरं टाळ्या वाजवत होती. मिस्त्रींचं लक्ष त्या आवाजाकडे होतं. ते उतरले, काच डोळ्यांसमोर धरली, तिथं आणखी दोन टाके मारले, थंड होऊ दिले, पुन्हा एकदा बसून पाहिलं. मग म्हणाले,

"हां. आता पोरं बसवा. एकेक."