न विकली जाणारी तबकडी : डबस्टेपच्या जन्माची कथा (धागा)

एखादे गाणे 'प्रकाशित झाले' असे आपण केव्हा म्हणतो? ते दुकानात किंवा ॲपवर आले म्हणजे. दक्षिण लंडनमध्ये २००२च्या सुमारास मात्र तरुण मंडळी ज्या नव्या संगीतासाठी आसुसलेली असत, ते बहुधा कुठेच विकत मिळत नसे. त्याच्या एकदोनच तबकड्या असत, आणि त्या ठरावीक डीजेंच्या पिशवीत.

अशा तबकडीला 'डबप्लेट' म्हणत. दहा इंच व्यासाची ॲल्युमिनियमची चकती, तिच्यावर लॅकरचा मऊ थर, आणि त्या थरात यंत्राने थेट कोरलेली खाच. साचा करून प्रती काढण्याचा प्रश्नच नव्हता. थर मऊ असल्याने प्रत्येक वादनाला सुई ती खाच थोडी झिजवी. काही डझन वेळा वाजली की तबकडी निकामी होऊ लागे. म्हणजे गाणे ऐकवणे हेच ते संपवणे होते!

ही प्रथा मूळची जमैकाची. किंग्स्टनच्या वस्त्यांत प्रचंड ध्वनिवर्धक रचून नाच भरवणाऱ्या 'साउंड सिस्टिम' मंडळींत चुरस असे ती प्रतिस्पर्ध्याकडे नसलेले गाणे आपल्याकडे असावे याची. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या लोकांबरोबर ही चुरसही आली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

आता गॅरेजकडे वळू. हे नाव न्यूयॉर्कच्या 'पॅरेडाइज गॅरेज' (१९७७–१९८७) या क्लबवरून आले. नव्वदच्या दशकात लंडनचे डीजे अमेरिकी तबकड्या मुद्दाम वेगाने वाजवू लागले. पुढे स्थानिक निर्मात्यांनी तालातले काही ठोके गाळून 'टू-स्टेप' ही अडखळत चालणारी, तरी डौलदार लय घडवली. १९९९मध्ये आर्टफुल डॉजर आणि क्रेग डेव्हिड यांचे गाणे ब्रिटिश क्रमवारीत दुसऱ्या स्थानी गेले. ऑगस्ट २००१मध्ये सो सॉलिड क्रू पहिल्या स्थानी पोहोचला.

आणि तिथेच दारे मिटू लागली. त्याच वर्षी या गटाच्या लंडनमधील एका कार्यक्रमात गोळीबार झाला, पुढचा दौरा रद्द झाला, अनेक क्लबांनी गॅरेजला नकार दिला. पुढे २००५मध्ये लंडन पोलिसांनी 'फॉर्म ६९६' आणला. कार्यक्रमात कोणते संगीत वाजणार आणि कोणत्या वंशाचे श्रोते येणार, असे प्रश्न त्याच्या आरंभीच्या आवृत्तीत होते. सुरक्षेच्या नावाखाली एका समाजाच्या संगीतावर ठेवलेला हा संशय होता, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. तो रद्द व्हायला २०१७ उजाडले.

गॅरेजची झगमग ओसरत असताना क्रॉयडन या उपनगरात सरे स्ट्रीटवरील 'बिग ॲपल रेकॉर्ड्स' या दुकानात निराळेच शिजत होते. गल्ल्यामागे हॅचा, वरच्या मजल्यावर आर्टवर्कचा स्टुडिओ, आणि घुटमळणाऱ्या पोरांत स्क्रीम व बेंगा. स्क्रीम तर घरच्या संगणकावर 'फ्रूटीलूप्स'मध्ये गाणी रचत असे. या मुलांनी गॅरेजमधले गाणे काढून टाकले, चकाकी काढून टाकली. उरली रिकामी जागा आणि तिच्याखाली घुमणारा खर्ज. मिनिटाला सुमारे १४० ठोके, पण तिसऱ्या मात्रेवर पडणाऱ्या एकाच जोरदार आघातामुळे चाल निम्म्या वेगाची भासे.

हा खर्ज छोट्या रेडिओवर ऐकू येत नसे. त्याला जागाच हवी होती. २००१मध्ये सोहोत सुरू झालेली 'फॉरवर्ड' ही रात्र पुढे शोरडिचमधील 'प्लास्टिक पीपल' या लहानशा, अंधाऱ्या तळघरात गेली. मार्च २००५पासून माला, कोकी आणि लोफा यांची 'डीएमझेड' ब्रिक्स्टनमधील एका चर्चच्या इमारतीत भरू लागली. येणाऱ्यांत निर्मातेही पुष्कळ असत. फॉरेस्ट हिलच्या 'ट्रान्झिशन' स्टुडिओत जेसन गॉझकडून तबकडी कोरून घ्यायची, ती क्लबात वाजवायची आणि खर्ज कसा बसला ते अंगावर तपासायचे, असा क्रम असे. गाणे खरोखर विक्रीला आले, तर ते पुष्कळदा महिन्यांनी. काही कधीच नाही.

मग आज ते संगीत कळते कशावरून? विनापरवाना नभोवाणीवरून. १९९४मध्ये उंच इमारतींच्या गच्चीवरून सुरू झालेल्या 'रिन्स एफएम'ला परवाना मिळाला तो २०१०मध्ये. मधल्या काळात श्रोत्यांनी घरी कॅसेटवर टिपून ठेवलेले कार्यक्रम हेच अभ्यासकांचे दफ्तर. त्यांत खरखर आहे, निवेदकाची बडबड आहे, गाणे मध्येच थांबवून पुन्हा सुरुवातीपासून वाजवणे आहे. आणि काही गाणी अशी आहेत, की ज्यांची तबकडी केव्हाच झिजून गेली आणि नाव कोणी नोंदवलेच नाही. ती त्या कॅसेटवर दोन-तीन मिनिटे वाजतात, आणि त्यांवर दुसरे गाणे चढते.