बंगळुरूची नळी, जयपूरचा पाय

सध्या पोस्टिंग बंगळुरूला आहे. या शहराचं नाव जगभरच्या सैनिकांना ठाऊक आहे ते एका नळीमुळे. 1912 मध्ये इथल्या मद्रास सॅपर्समधल्या कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी स्फोटकं भरलेल्या नळ्या एकीला एक जोडून तारेचं कुंपण उडवायची युक्ती काढली. तीच 'बँगलोर टॉर्पेडो'. पुढे भूसुरुंगांतून वाट काढायलाही ती वापरली गेली. मागून येणाऱ्या जवानाचं पाऊल सुरुंगावर पडू नये, एवढाच हेतू.

त्या पावलात असतं काय? 26 हाडं. त्यातलं घोट्याचं हाड नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड यांच्या बेचक्यात बसतं. पाऊल वर-खाली होतं ते इथे. त्याच हाडाखाली, टाचेच्या हाडाशी दुसरा सांधा आहे. खडबडीत जमिनीवर पाऊल आत-बाहेर कलतं ते तिथे. घोट्याचं हाड पुढे रुंद, मागे अरुंद असतं. पाऊल वर उचललं की ते पाचरीसारखं घट्ट बसतं, खाली झुकलं की सैल होतं. उतारावर घोटा मुरगळायचं हे एक कारण.

1971 च्या युद्धात आमच्या एनडीएचेच मेजर इयान कार्डोझो यांचा पाय सुरुंगाने निकामी झाला. त्यांनी तो स्वतःच्या खुकरीने कापला आणि पुढे लाकडी पायावर बटालियन, मग ब्रिगेडही कमांड केली. अशा जवानांसाठी पुण्यात 1944 पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे.

त्या काळी प्रचलित असलेल्या परदेशी पावलाला मात्र घोट्याचा सांधाच नव्हता. टाचेत मऊ रबर, वर सगळं ताठ. बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्याचं त्यात भागायचं. उकिडवं बसणं, मांडी घालणं, अनवाणी बांधावरून चालणं, सगळं अडायचं. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968 च्या सुमारास रबराचं पाऊल घडवलं. ते वर वाकायचं, बाजूलाही कलायचं. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नवा पाय लावलेला जवान परेडमध्ये कसा चालतो, हे मी नंतर बघेन. घरी गेल्यावर तो पंगतीत मांडी घालून बसतो का, हे आधी विचारेन.