एंजिन तापेपर्यंतचा तास

लढायांचा इतिहास सांगताना सेनापतींची नावे आणि फौजांचे आकडे सांगण्याचा प्रघात आहे. आम्ही पडलो युनियनची माणसे. शाळेतला इतिहास आमच्या वाट्याला थोडाच आला. पुढे जे वाचले ते रात्री, कचेरीच्या बाकावर बसून. त्यामुळे आम्हाला एक खोड जडली आहे. कोणतीही मोठी घटना वाचली की आम्ही विचारतो, त्या दिवशी कामगार किती वाजता कामाला लागला?

हा प्रश्न आमच्यापुढे २०१८ च्या हिवाळ्यात एका निराळ्याच वाटेने आला. आमचा एक सभासद नाशकाकडचा कांदा घेऊन काश्मीरला गेला होता. रात्रीच्या थंडीने डिझेलात मेण धरले. पहाटे पावणेपाचला उठून त्याने टाकीखाली जपून स्टोव्ह लावला, रेडिएटरपुढे गोणपाट बांधले आणि आठाच्या सुमारास एंजिन धरले. परत आल्यावर मालक म्हणाला, "चाक फिरले तेव्हापासून हजेरी. चाकच फिरले नाही, तर काम कसले?" सभासदाने हा सवाल आमच्यापुढे टाकला, आणि उत्तर शोधता शोधता आम्ही थेट रशियातल्या एका गोठलेल्या सरोवरावर जाऊन पोचलो.

आधी एंजिनाची अडचण समजून घेऊ. कडाक्याच्या थंडीत तेल काकवीसारखे घट्ट होते. पिस्टन हलवायलाच दुप्पट जोर लागतो, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद ओसरलेली असते. पेट्रोलची नीट वाफ होत नाही, डिझेल वाहत नाही. एकदा एंजिन धरले तरी त्याची ऊब रेडिएटरमधून वाऱ्यावर उडून जाते. ती अडवण्यासाठी थर्मोस्टॅट नावाची झडप असते. पाणी तापेपर्यंत ती त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. शिवाय उभ्या गाडीत एंजिन नुसते फुरफुरत ठेवले तर ते फार सावकाश तापते. तेल खेळू लागले की खालच्या गिअरमध्ये हळूहळू चालवीत नेले, तर लवकर तापते. हे आमच्या जुन्या ड्रायव्हरांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु शून्याखाली तीस अंशांवर या युक्त्या पुरत नाहीत. तिथे ऊब बाहेरूनच आणावी लागते.

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी लेनिनग्राडची जमिनीवरची वाट तोडली. २० नोव्हेंबरपासून कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव आणि कारकून, आश्रित व मुले यांना १२५ ग्रॅम, एवढेच अन्न उरले. त्या पावातही निव्वळ पीठ नव्हते. २२ नोव्हेंबरला लाडोगा सरोवराच्या गोठलेल्या पाठीवरून ट्रकांचा पहिला तांडा पीठ आणायला निघाला. बर्फ अजून पातळ होता, म्हणून गाडीमागे थोडीच पोती, आणि भार विभागावा म्हणून काही गाड्यांना मागे घसरगाड्या जोडलेल्या. ट्रक बहुतेक गाझ-एए जातीचे, अमेरिकन फोर्डच्या परवान्यावर गोर्की शहरात बनलेले. दीड टन ओझ्याचे, म्हणून लोक त्यांना 'पोलुतोर्का' म्हणत. आपण 'दीडकी' म्हणू.

ही दीडकी सकाळी सुरू करणे हा केवढा खटाटोप! न गोठणारे द्रव दुर्मिळ, म्हणून रेडिएटरमध्ये साधे पाणी. ते रात्रभर ठेवले तर गोठून एंजिनाचा ब्लॉक फुटणार. म्हणून रोज रात्री ते काढून टाकायचे. पहाटे विस्तवावर पाणी उकळायचे, खालची तोटी उघडी ठेवून पहिल्या बादल्या वाहू द्यायच्या, आणि खालून येणारे पाणी कोमट लागले की तोटी बंद करून भरायचे. तेल रात्री गरम असतानाच काढून घेतलेले असे, ते पुन्हा तापवून ओतायचे. नाहीतर तेलाच्या टाकीखाली ब्लोलँप धरायचा, शेजारी पेट्रोल असताना! मग हँडल मारायचे. रेडिएटरवर आणि बॉनेटवर चक्क कापूस भरलेली गोधडी असे. एंजिनाला गोधडी; आणि ड्रायव्हर मात्र बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून केबिनचे दार उघडे टाकून बसलेला. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

२४ एप्रिल १९४२ पर्यंत त्या वाटेने सुमारे ३,६१,००० टन माल शहराकडे गेला आणि पाच लाखांहून अधिक माणसे बाहेर निघाली. कोक्कोरेवोच्या किनाऱ्यावर १९६६ साली उभारलेले 'तुटलेले कडे' नावाचे स्मारक आहे. त्यात काँक्रीटमध्ये टायरांच्या खुणा उमटवल्या आहेत, त्या पाण्याकडे जातात. स्मारक सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिथेही चाक फिरले तेव्हापासूनच हजेरी!

त्याच हिवाळ्यात मॉस्कोपुढे जर्मनांची हीच गत झाली. एंजिने गोठू नयेत म्हणून ते रात्रीतून पुन्हा पुन्हा चालू करीत आणि मोलाचे इंधन जाळीत. कोठे खाली विस्तव लावीत. रशियनांची एक युक्ती त्यांनी उचलली: बंद करण्यापूर्वी गरम तेलात थोडे पेट्रोल मिसळायचे, म्हणजे सकाळी तेल पातळ राहते आणि एंजिन तापले की पेट्रोल उडून जाते. पुढे त्यांनी रणगाड्यांत अशी सोय केली की, चालू रणगाड्याचे गरम पाणी नळीने गार रणगाड्यात खेळवायचे. शत्रूची असली तरी युक्ती आम्हाला आवडली.

एवढी शिदोरी घेऊन आम्ही मालकाकडे गेलो. त्याने लाडोगा काही ऐकून घेतला नाही. म्हणून तेव्हा लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पुढे ठेवला. त्यात 'कामाचे तास' या व्याख्येत गाडी धावण्याच्या वेळेबाहेरचे पूरक कामही धरले होते, आणि पूरक कामात गाडीची निगा व दुरुस्ती स्पष्ट लिहिली होती. निगा म्हणजे धुणे-पुसणे, असे मालक म्हणाला. गोठलेल्या गाडीत जीव आणणे ही निगा नव्हे काय, असे आम्ही म्हणालो. दोन बैठका झाल्या. शेवटी तीन सकाळींचे प्रत्येकी दोन तास त्याने मान्य केले. स्टोव्हच्या रॉकेलचे पैसे मात्र दिले नाहीत.